सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्तींना खुलं पत्र: अर्थ लावा, पण कसा लावला तेही सांगा

माननीय न्यायमूर्ती महोदय,

सप्रेम नमस्कार. मी वकील नाही, कुठल्या पक्षाचा तर अजिबातच नाही. पुण्यात स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींना पॉलिटी, म्हणजे राज्यघटना आणि राज्यव्यवस्था, शिकवतो. त्यामुळे तुमचे निकाल मला वाचावे लागतात, आणि नुसते वाचून भागत नाही, समोर बसलेल्या पोरांना समजावून सांगावे लागतात, आणि ही पोरं हुशार असतात, त्यांना थातूरमातूर उत्तर चालत नाही.

ताकाला जाऊन भांडं लपवत नाही, सरळ सांगतो. राज्यघटनेचा अर्थ लावताना तुम्ही कधी कलमातले शब्द धरता, कधी ते लिहिणाऱ्यांच्या मनात काय होतं ते बघता, आणि कधी हे दोन्ही बाजूला ठेवून एकूण घटनेचा ढाचा, म्हणजे तिची मूळ रचना आणि तत्त्वं, काय म्हणतो त्यावर जाता. तिन्ही रस्ते जुने आहेत, तिन्हींना आधार आहे, माझी त्याला हरकत नाही. हरकत एवढीच की आज हा रस्ता का घेतला आणि परवा दुसरा का घेतला होता हे तुम्ही सांगत नाही. मग बाहेर बसलेल्या माणसाला वाटतं की आधी मुक्काम ठरला आणि मग रस्ता शोधला. तसं नसेलही, पण ते कळायला मार्ग नाही.

महाराष्ट्रातल्या माणसाने हे पत्र लिहिताना मराठा आरक्षणाचा निकाल घेणं साहजिक आहे, पण थांबा, मराठ्यांना आरक्षण द्यावं की नाही हा माझा विषय नाही, त्यावर बोलणारे भरपूर आहेत. माझा विषय आहे ५ मे २०२१ च्या त्या निकालातला दुसरा भाग, ज्याकडे टीव्हीवाल्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

थोडं मागे जातो. २०१८ च्या ऑगस्टमध्ये १०२ वी घटनादुरुस्ती लागू झाली. राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाला घटनात्मक दर्जा मिळाला आणि ३४२अ नावाचं नवं कलम आलं. ते म्हणतं की कुठल्याही राज्याच्या बाबतीत, राज्यपालांशी विचारविनिमय करून, राष्ट्रपती सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग कोणते ते जाहीर करतील, आणि 'या संविधानाच्या प्रयोजनांसाठी' तेच वर्ग मागास समजले जातील. झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेरीस महाराष्ट्र सरकारने मराठा समाजाला १६ टक्क्यांचा कायदा केला. लगेच प्रश्न आला की मागास कोण हे ठरवायचा अधिकार राज्याकडे उरलाय का?

मुंबई हायकोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी जून २०१९ मध्ये सांगितलं, उरलाय. (टक्केवारी त्यांनी शिक्षणात १२ आणि नोकरीत १३ वर आणली, ते वेगळं.) पुढे तुमच्याकडे पाच जणांचं घटनापीठ बसलं. आरक्षणाची ५० टक्क्यांची मर्यादा मोडावी अशी असाधारण परिस्थिती इथे नाही यावर पाचही जण एक, म्हणजे मराठा कायदा त्याच मुद्द्यावर पडला. पण ३४२अ वर फूट पडली, तीन विरुद्ध दोन. न्या. भट, न्या. नागेश्वर राव आणि न्या. हेमंत गुप्ता म्हणाले, शब्द स्पष्ट आहेत, राज्यांचा अधिकार गेला. न्या. अशोक भूषण आणि न्या. नझीर म्हणाले, नाही गेला, राष्ट्रपतींची यादी म्हणजे केंद्राची यादी, राज्यांची वेगळी.

आता गंमत बघा. ज्या केंद्र सरकारने ही दुरुस्ती आणली त्याच सरकारचे अॅटर्नी जनरल, म्हणजे सर्वात वरचे सरकारी वकील, वेणुगोपाल तुमच्यासमोर उभे राहून सांगत होते की राज्यांचा अधिकार काढायचा आमचा हेतू कधीच नव्हता. संसदेत संबंधित मंत्र्यांनीही तेच सांगितलं होतं. दुरुस्तीचं विधेयक तपासणाऱ्या राज्यसभेच्या निवड समितीचा अहवाल सगळ्यांच्या टेबलावर होता. अल्पमतातल्या दोन न्यायमूर्तींनी तो वाचून म्हटलं, हेतू उघड दिसतोय. बहुमतानेही तोच अहवाल वाचला आणि म्हटलं, समितीत राज्यांचा उल्लेख घालायची सूचना आली होती, ती घातली नाही, म्हणजे समजून उमजून घातली नाही. एकच कागद आणि दोन टोकाचे अर्थ. आणि वर बहुमताचं म्हणणं की शब्दच स्पष्ट असतील तर हेतूकडे बघायचं कारण नाही, शिवाय अनुसूचित जाती आणि जमातींसाठी ३४१ आणि ३४२ ही कलमं आहेत, तिथे यादी राष्ट्रपतींचीच असते आणि राज्याला त्यात हात घालता येत नाही, इथली भाषा तशीच आहे तेव्हा अर्थही तसाच.

वाचताना मला हा युक्तिवाद कच्चा वाटला नाही हे कबूल करायला हवं. शब्द धरायचे म्हटलं तर बहुमत बरोबर आहे. कायदा लिहिणाऱ्याने जे लिहिलं ते लिहिलं, 'माझ्या मनात दुसरंच होतं' हे नंतर सांगून काय उपयोग. पण हिशेब करून बघा, हायकोर्टाचे दोन आणि तुमचे पाच अशा सात न्यायमूर्तींनी ही एक ओळ अंतिमतः तपासली, त्यातले चार म्हणतात अधिकार आहे आणि तीन म्हणतात नाही, आणि तिघांचं खरं ठरलं. उतरंड तशी आहे त्यामुळे ते ठीकच, पण 'शब्द स्पष्ट आहेत' हे वाक्य मग जरा जपून वापरायला हवं होतं असं वाटतं. चार अनुभवी माणसं ज्याचा उलट अर्थ लावतात ते स्पष्ट कसं?

पुढे केंद्राने रिव्ह्यू पिटिशन, म्हणजे फेरविचाराचा अर्ज, टाकलं, ते फेटाळलं गेलं, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये संसदेने १०५ वी घटनादुरुस्ती करून 'या संविधानाच्या' च्या जागी 'केंद्र सरकारच्या' प्रयोजनांसाठी असं लिहिलं आणि राज्यांनी आपापली यादी करावी असं तिसरं उपकलम जोडलं. म्हणजे निकालानंतर साधारण तीन महिन्यांत प्रकरण पूर्वपदावर. ज्या एका शब्दसमूहावर इतकी पानं खर्ची पडली तो शब्दसमूह संसदेने खोडून टाकला, आणि तेही सत्ताधारी विरोधक सगळे एका सुरात.

इथपर्यंत शिकवून झालं की वर्गात कोणीतरी हात वर करतंच. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने, जी एरवी तोंडही उघडत नाही, विचारलं, "सर, ३४२अ मध्ये राष्ट्रपतींनी राज्यपालांशी विचारविनिमय करायचा म्हणजे नुसता सल्ला घ्यायचा, बरोबर? मग १२४ मध्ये राष्ट्रपतींनी सरन्यायाधीशांशी विचारविनिमय करायचाय तिथे तो नुसता सल्ला का नाही?" तिच्या वहीत दोन्ही कलमं समोरासमोर लिहिलेली आणि तो एकच शब्द दोन्हीकडे हिरव्या हायलायटरने रंगवलेला. परीक्षेला हा प्रश्न येणार नाही असं सांगून मी सुटलो असतो, पण प्रश्न चोख होता.

कारण १२४ चा इतिहास तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. कलम म्हणतं, न्यायाधीशांची नेमणूक राष्ट्रपती करतील, विचारविनिमय करून. १९८१ मध्ये एस. पी. गुप्ता खटल्यात तुम्हीच सांगितलं की विचारविनिमय म्हणजे संमती नव्हे. मग ६ ऑक्टोबर १९९३ ला नऊ जणांच्या पीठाने सात विरुद्ध दोन असं उलट सांगितलं, सरन्यायाधीश आणि त्यांच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचं मत शेवटी वरचढ ठरणार. तिथून कॉलेजियम, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांनीच नवे न्यायाधीश निवडायची पद्धत, आलं. घटनेत कॉलेजियम हा शब्द नाही, कुठेच नाही, पोरं शोधतात आणि सापडत नाही म्हणून विचारतात. संसदेने आयोग नेमून ते बदलायचा प्रयत्न केला तर ऑक्टोबर २०१५ मध्ये चार विरुद्ध एक मतांनी तो आयोगही रद्द झाला, एकटे न्या. चेलमेश्वर विरोधात.

शब्द बाजूला राहिला तर किमान घटनाकारांचा हेतू तरी तसा होता का? २४ मे १९४९ ला घटना समितीत डॉ. आंबेडकर याच मुद्द्यावर बोललेत. त्यांचं म्हणणं असं की सरन्यायाधीश मोठा माणूस असला तरी तोही माणूसच, त्याच्यात आपल्या सगळ्यांसारखेच गुणदोष असणार, आणि नेमणुकीवर त्याला नकाराधिकार देणं म्हणजे जो अधिकार आपण राष्ट्रपतींना किंवा सरकारलाही द्यायला तयार नाही तो त्याला देणं, आणि हे धोक्याचं आहे. याहून स्पष्ट हेतू कुठून आणायचा? म्हणजे १९९३ मध्ये शब्दही एका बाजूला, हेतूही त्याच बाजूला, आणि निकाल दुसऱ्या बाजूला. त्याला आधार काय तर न्यायव्यवस्थेचं स्वातंत्र्य, म्हणजे ढाचा.

तो आधार पोकळ नाही हो. आणीबाणीच्या आधी आणि आणीबाणीत न्यायाधीशांना डावलणं, बदल्या करणं हे सगळं या देशाने पाहिलेलं होतं. आणीबाणीत डांबलेल्यांना कोर्टात दाद मागता येते का, या १९७६ च्या एडीएम जबलपूर खटल्यात न्या. खन्ना यांनी एकट्याने विरोधी मत दिलं आणि पुढे त्यांचं सरन्यायाधीशपद हुकलं. हे बघितलेल्या पिढीने सरकारच्या हातातून चाव्या काढून घेतल्या, मला समजतं. पण मग तसं लिहा ना, की शब्द आणि हेतू दोन्ही आमच्या विरोधात आहेत हे आम्हाला माहीत आहे, तरी अमुक अनुभवामुळे आम्ही ते ओलांडतोय.

आणि १९९३ च्या त्या निकालाच्या जेमतेम अकरा महिने आधी काय झालं होतं? १६ नोव्हेंबर १९९२, इंद्रा साहनी, म्हणजे इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा मंडल निकाल, तेही नऊ जणांचंच पीठ. तिथे ५० टक्क्यांची मर्यादा घातली. हा आकडाही घटनेत नाही. मग आधार कशाचा घेतला, तर इतर गोष्टींबरोबर डॉ. आंबेडकरांच्या भाषणाचा, ३० नोव्हेंबर १९४८ च्या, ज्यात ते म्हणतात की आरक्षण हे जागांच्या अल्पसंख्य भागापुरतंच असलं पाहिजे. चांगलं आहे. पण एका नऊ जणांच्या पीठाला बाबासाहेबांचं भाषण प्रमाण वाटतं आणि वर्षभराच्या आत दुसऱ्या नऊ जणांच्या पीठाला बाबासाहेबांचं त्याहून थेट भाषण पुरेसं वाटत नाही, यातला फरक मी पोरांना कसा समजावू? मी बरेच दिवस 'कोर्टाचा दृष्टिकोन उत्क्रांत होत गेला' असं छापील उत्तर देत होतो, गाईडात तेच असतं. उत्क्रांती काय अकरा महिन्यांत होते?

आता कोणी वकील मित्र म्हणेल, अरे, जगात कुठलंच कोर्ट एकाच पद्धतीला चिकटून बसत नाही, अमेरिकेत मूळ अर्थच धरायचा असं म्हणणारे न्यायाधीश आहेत, त्यांच्यावरही सोयीचा इतिहास निवडल्याचा आरोप होतोच. मान्य. आपल्याकडे फक्त १९५० चा अर्थ धरून बसलो असतो तर काय झालं असतं तेही मला माहीत आहे. १९५० च्या गोपालन खटल्यात तुम्ही जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचं जे २१ वं कलम, त्याचे शब्द अगदी काटेकोर धरले, कायद्याने ठरवलेली प्रक्रिया पाळली की बस्स, ती प्रक्रिया न्याय्य आहे का हे बघायचं नाही. मनेका गांधी खटल्यात, १९७८ मध्ये, ते बदललं, प्रक्रिया न्याय्य आणि वाजवीसुद्धा हवी असं ठरलं. ते बदललं नसतं तर २०१७ मध्ये प्रायव्हसीचा हक्क मिळाला नसता. घटनाकारांनी तर 'ड्यू प्रोसेस', म्हणजे न्याय्य प्रक्रिया, हे शब्द मुद्दाम गाळले होते, म्हणजे इथेही हेतू ओलांडलाच, आणि मला तो ओलांडलेला आवडतो. माझ्याच दाव्यात अडचण आणणारं उदाहरण आहे हे, म्हणून लपवत नाही. फक्त माझ्या आवडीवर घटना चालू नये, तशी तुमच्याही नको.

आणि अर्थ विशाल लावला म्हणजे माणसाचं भलं झालंच असंही नसतं, हे मुंबईच्या फुटपाथवाल्यांना विचारा. १९८१ च्या पावसाळ्यात अंतुले सरकारने फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून गावी धाडायचं ठरवलं. प्रकरण तुमच्याकडे आलं, ओल्गा टेलिस खटला, निकाल जुलै १९८५. पोट भरायचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं पाच न्यायमूर्तींनी लिहिलं. प्रत्येक पुस्तकात हे वाक्य असतं, आम्हीही बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहितो. पण पुढचं कोणी वाचत नाही. महापालिका कायद्याचं ३१४ वं कलम, जे आयुक्तांना नोटीस न देता अतिक्रमण काढू देतं, ते वैध ठरलं. त्याचा अर्थ मात्र असा लावला की नोटीस न देण्याची मुभा आहे, सक्ती नाही, तेव्हा एरवी नोटीस द्या. आणि झोपड्या ३१ ऑक्टोबरपर्यंत काढू नका, म्हणजे पावसाळा जाऊ द्या. हक्क मिळाला, झोपडी मात्र ३१ ऑक्टोबरपर्यंतच. १९७६ च्या गणतीची कार्डं ज्यांच्याकडे होती त्यांना पर्यायी जागा द्यायला सांगितलं, ते तेवढं दिलासा देणारं.

आणखी एक खटकणारी गोष्ट. घटनेचं १४५(३) सांगतं की घटनेच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर किमान पाच न्यायमूर्ती बसले पाहिजेत. १९५० मध्ये तुम्ही एकूण आठच होता, म्हणजे निम्म्याहून जास्त कोर्ट बसलं पाहिजे असा तो हिशेब. २०१९ च्या कायद्याने संख्या ३४ झाली, पाचाचा आकडा तिथेच. आणि प्रत्यक्षात तर दोन दोन जणांची पीठं घटनेचे मोठे प्रश्न सोडवताना दिसतात. ८ एप्रिल २०२५ ला तामिळनाडूच्या राज्यपालांच्या प्रकरणात दोन न्यायमूर्तींनी विधेयकांवर निर्णयासाठी राज्यपाल आणि राष्ट्रपतींना मुदती आखून दिल्या आणि अडकलेली दहा विधेयकं मंजूर झाल्याचं मानलं. माणूस म्हणून मला बरं वाटलं होतं, राज्यपालांनी विधेयकं दाबून बसणं हा काय प्रकार आहे. पण २०० व्या कलमात मुदत नाही, 'शक्य तितक्या लवकर' आहे. राष्ट्रपतींनी तुमचं मत मागवलं आणि २० नोव्हेंबर २०२५ ला सरन्यायाधीश गवई (आपले अमरावतीचे) यांच्यासह पाच जणांनी सांगितलं की कोर्टाला अशी मुदत घालता येणार नाही आणि मंजुरी 'मानता' येणार नाही, फार तर विनाकारण रखडवलं तर निर्णय घ्या एवढं सांगता येईल. साडेसात महिन्यांत घटनेचा अर्थ इकडून तिकडे. आधीच पाच जण बसले असते तर? माझ्या नोट्सचं सोडा, त्या वर्षी दोनदा छापल्या. सरकारांनी कशावर विसंबायचं?

त्या नोव्हेंबरच्या मताची एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. पाच जणांचं मिळून एकच मत, एकाच आवाजात. केशवानंद भारती आठवा. १९७३, तेरा न्यायमूर्ती, ६८ दिवस सुनावणी आणि अकरा वेगवेगळी निकालपत्रं. शेवटी बहुमताने काय ठरवलं हे सांगायला वेगळा कागद काढावा लागला, त्यावरही तेरापैकी नऊच सह्या. मूलभूत ढाचा, म्हणजे घटनेचा जो गाभा संसदेलाही बदलता येत नाही तो, हा आपल्या लोकशाहीचा मोठा आधार आहे असं मीच शिकवतो, आणि तो नेमका कुठल्या पानावर ठरला विचारलं की आवंढा गिळतो.

तर मागणं एवढंच आहे. घटनापीठाच्या प्रत्येक निकालात सुरुवातीलाच चार परिच्छेद असे असावेत की या प्रश्नात आम्ही शब्द धरतोय की हेतू की ढाचा, का धरतोय, आणि आमच्याच आधीच्या कुठल्या निकालात आम्ही उलटं केलं होतं आणि इथे ते का लागू नाही. फूट पडली तर दोन्ही बाजूंनी हेच लिहावं. नवीन पद्धत शोधा असं म्हणत नाही, आहे ती उघड करा. ब्रिटनचं सुप्रीम कोर्ट निकालाबरोबर सामान्य माणसाला कळेल असा छोटा सारांश देतं, तसा तुम्हीही द्या, आणि त्याच दिवशी मराठीतही द्या. शेकडो पानांचं भाषांतर महिन्यांनी आलं तरी चालेल, तोवर व्हॉट्सअॅपवर लोकांनी आपापले निकाल लावलेले असतात हो.

घाई अशासाठी करतोय की फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने मराठा समाजासाठी १० टक्क्यांचा नवा कायदा केला, त्याला मुंबई हायकोर्टात आव्हान दिलं गेलं, आणि आज ना उद्या ते तुमच्या दारात येणार हे शेंबडं पोरही सांगेल. मधल्या काळात नोव्हेंबर २०२२ मध्ये आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणाच्या निकालात तुमच्या बहुमताने सांगितलंय की ५० टक्क्यांची मर्यादा अगदी ताठर नाही आणि ती फक्त सामाजिक मागासांच्या आरक्षणालाच लागू होते. म्हणजे २०२१ मध्ये असाधारण परिस्थितीशिवाय मोडता न येणारी, २०२२ मध्ये न ताठर, आणि तीही काहींनाच लागू. यावेळी सुनावणीच्या पहिल्याच दिवशी दोन्ही बाजूंच्या वकिलांना विचारा की ५० हा आकडा घटनेच्या कुठल्या शब्दातून, कुठल्या हेतूतून किंवा कुठल्या ढाच्यातून येतो, आणि निकालात त्याचं उत्तर तुमच्या शब्दांत लिहा. ज्या बाजूने लागेल त्या बाजूने लागो.

आपला,
पॉलिटीचा एक मास्तर, पुणे